ठेका

प्रस्तावना

२६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला एखाद्या शाळेच्या मैदानावर वाजणारा बँड तुम्ही ऐकलाच असेल. पांढरे गणवेश, पुढे बिगूल आणि बासऱ्या, मागे ढोल व झांजा. लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा बँडही तुम्ही ऐकला असेल. दोन्हींतील ढोल एकाच जातीचा, झांजाही त्याच. समाज मात्र त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहत नाही. मुलगा शाळेच्या बँडमध्ये असला, तर आईवडील ते चारचौघांत अभिमानाने सांगतात. वडील वरातीच्या बँडमध्ये असले, तर मुलगा ते सांगायला कचरतो. या पाठातील मुलाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या.

पाठात सांगितलेली आठवण १९८४ सालची, सांगली जिल्ह्यातील मिरज या गावची आहे. मिरज हे सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची समाधी याच गावात आहे. संगीताचा एवढा मान राखणाऱ्या गावातही ढोल वाजवणाऱ्याला कोणती जागा मिळते, हे पाठ वाचताना लक्षात ठेवा.

हा पाठ वाचल्यावर तुम्ही निवेदकाच्या मनातील घालमेल आपल्या शब्दांत सांगू शकाल, पात्रांच्या बोलीतील वाक्ये प्रमाण भाषेत लिहू शकाल आणि आवाज व त्याचा प्रतिध्वनी यांविषयी आलेली माहिती स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

सातवीत असताना माझी शाळेच्या बँडमध्ये निवड झाली. आठ बासऱ्या, दोन बिगूल, चार छोटे ढोल, झांजांची एक जोडी आणि एक मोठा ढोल एवढा आमचा बँड होता. मला बिगूल हवा होता. बिगूल वाजवणारा मुलगा सर्वांत पुढे उभा राहतो आणि ऊन पडले की त्याचा बिगूल सोन्यासारखा चमकतो. पण सरांनी प्रत्येकाच्या हातात काठी देऊन ठोके वाजवायला लावले आणि माझी पाळी आली, तेव्हा ते थांबले.

“हात बसलेला दिसतो. कुठे शिकलास?”

“कुठे नाही,” मी म्हणालो.

ते खोटे होते. आमच्या घरात खुंटीला जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक मोठा ढोल टांगलेला असे. अप्पा गावातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये तो वाजवीत. मला चालता येऊ लागले, तेव्हापासून मी त्या ढोलावर हात मारीत आलो होतो. पण हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होऊ नये, असे मला वाटे.

त्याला कारण होते. मार्गशीर्षात एकदा मधल्या सुट्टीत शाळेवरून एक वरात गेली. आम्ही सगळे कुंपणाशी धावलो. ढोलवाल्याच्या अंगात लाल कोट होता, त्यावरची सोनेरी झालर एका खांद्यावर उसवली होती. ढोलाच्या ओझ्याने तो जरा मागे रेलून, पाय फाकवून चालत होता. माझ्या शेजारच्या मुलाने पोटावर दप्तर धरले आणि हुबेहूब तशीच चाल करून दाखवली. सगळे हसले.

मीही हसलो.

ढोलवाल्याने मान वळवली होती. अप्पांनी मला पाहिले की नाही, हे मला कधीच कळले नाही. त्या रात्री ते नेहमीसारखेच जेवले, नेहमीसारखेच बोलले.

बँडचा सराव शाळेच्या सभागृहात चाले. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर पालकांसमोर आमचा कार्यक्रम व्हायचा होता. तीन चाली वाजवायच्या होत्या. सभागृहात तिन्ही चाली मला पाठ झाल्या. सर म्हणत, “मोठा ढोल म्हणजे बँडचे हृदय. बासरी चुकली तर एक सूर चुकतो, ढोल चुकला तर सगळा बँड चुकतो.” हे ऐकून छाती फुगायची आणि जरा धडधडायचीही.

२४ तारखेला सरांनी आम्हांला प्रथमच मैदानावर उभे केले आणि पहिल्याच चालीत सगळे बिघडले. समोर शाळेची दुमजली इमारत होती. मी ठोका मारला, की तिकडून कुणीतरी दुसरा ढोल वाजवीत असल्यासारखा आवाज येई. तो माझ्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडे. मला वाटे, मीच मागे राहिलो. मी घाई करी. मग बासऱ्या पुढे पळत, झांजा मागे राहत. तीनदा हे झाले. सरांनी हात खाली घेतला. ते रागावले नाहीत, त्याचेच मला जास्त लागले.

“उद्याही असेच झाले, तर ढोल दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल,” ते म्हणाले.

पौषात लग्ने होत नाहीत. त्या महिन्यात अप्पा मार्केट यार्डात हमालीला जात. त्या रात्री ते आले, तेव्हा मी चुलीजवळ बसून पळीने उलट्या परातीवर ठोके मारीत होतो. आई म्हणाली, “परात फुटंल आता.” अप्पा भिंतीला पाठ लावून बराच वेळ ऐकत बसले.

“हे काय बसवलंय?” त्यांनी विचारले.

मग मला सांगावे लागले. बँड, मोठा ढोल, मैदान, इमारतीतून येणारा तो दुसरा ढोल. दीड महिना मी घरी यांतले काहीच सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, हे त्यांनी विचारले नाही.

“कृष्णेच्या घाटावर गेलास की पल्याडचं धुणं बघितलंस न्हवं?” ते म्हणाले. “कापड दगडावर आपटलेलं आदी दिसतंय. आवाज मागनं येतोय. आवाजाला चालाय येळ लागतो बाळा. तुझा ठोका भिताडापतूर जातो आन् परत येतो. त्यो तुझाच असतोय, पर शिळा असतोय. त्यो धरलास की गेलास.”

“मग कुठला धरायचा?”

“पायातला. वरातीत म्होरं फटाकं, मागं घोडं, दोन्ही अंगाला भिताडं. कानावर भरवसा ठेवून भागत न्हाई. डावा पाय पडंल तवा ढोल. हुभं राहून वाजवाय लागलं, तर बुटातल्या बुटात अंगठा दाबायचा. आन् सरांच्या हाताकडं बघायचं. दिसतंय ते उशिरा येत न्हाई.”

मी परातीवर पुन्हा सुरुवात केली. त्यांनी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबत राहिले. तो अंगठा पोत्यांच्या ओझ्याने चपटा झालेला होता.

थोड्या वेळाने मी विचारले, “अप्पा, तुम्ही येणार?”

“बोलवत असशील तर येतो.”

मी परातीकडे पाहत राहिलो. उत्तर द्यायला मला उशीर झाला. तेच पुढे म्हणाले, “येईन. लांब हुभा राहीन. दिसलो तरी माझ्याकडं बघू नगंस. लांबच्या माणसाचा ठेका उशिराचा असतोय.”

हे ते ढोलाविषयी बोलले की दुसऱ्या कशाविषयी, याचा विचार करीत मी बराच वेळ जागा होतो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ठेका सुटला नाही. सरांनी नुसती मान हलवली आणि ढोल माझ्याकडेच राहिला.

२६ जानेवारीला सकाळी थंडी होती. ढोलाचा पट्टा गळ्यात घातला, तेव्हा बोटे आखडली होती. पालक खुर्च्यांवर आणि मागे उभे होते. ध्वजवंदन झाले, भाषणे झाली आणि सरांनी हात वर केला.

पहिला ठोका पडला. इमारतीतून दुसरा आला. मी अंगठा दाबला. कॅनव्हासच्या बुटात तो कुणालाही दिसत नव्हता. ठोका, अंगठा, ठोका, अंगठा. इमारत आपले वाजवीत होती, मी माझे. पहिली चाल संपली तेव्हा कळले, की मी श्वास धरून ठेवला होता. दुसऱ्या चालीत बिगूल सुरू झाले आणि त्यांच्या जोशात मी थोडा पुढे सरकलो. सरांची नजर माझ्याकडे वळली. मी पुन्हा अंगठ्यावर आलो.

तिसऱ्या चालीच्या मध्यावर मी पाहू नये तिकडे पाहिले. कुंपणापलीकडे, आम्ही हसत उभे होतो त्याच जागेसमोर, कडुनिंबाखाली अप्पा उभे होते. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका देत होता आणि तो हात माझ्या ठोक्याच्या किंचित मागून पडत होता. प्रत्येक वेळी तेवढाच मागून. त्यांनी सांगितले होते तसेच. मी सरांच्या हाताकडे नजर वळवली आणि शेवटपर्यंत हलवली नाही.

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी सरांशी हस्तांदोलन केले. वाद्ये ठेवायला आम्ही खोलीत गेलो, तेव्हा सर माझ्याजवळ आले.

“परवा तुझा ठेका सुटत होता. काल सुटला नाही, आज या गर्दीतही सुटला नाही. कुणी शिकवले?”

खोलीत सगळा बँड होता. दप्तर पोटावर धरून चाललेला तो मुलगाही होता. तो झांजा वाजवी.

“वडिलांनी,” मी म्हणालो.

“ते वाजवतात?”

“लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवतात.”

कुणीतरी हसले. सरांनी तिकडे पाहिलेही नाही. ते कोपऱ्यातले छोटे ढोल बघत होते. “या ढोलांची कातडी सैल झाली आहेत आणि खालच्या तारा नुसत्या खडखडतात. आमच्यापैकी कुणालाच ते नीट आवळता येत नाही. सोमवारी त्यांना वेळ असेल का, विचार.”

मी धावत कुंपणाशी गेलो. कडुनिंबाखाली कुणी नव्हते.

घरी अप्पा भाकरी खात होते. मी दारात पाऊल टाकताच म्हणाले, “दुसऱ्या चालीत घाई झाली.”

“एवढ्या लांबून कळलं?”

“उशिरा कळलं. पर कळलं.”

मी त्यांना सरांचा निरोप सांगितला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“सोमवारी यार्डात गाड्या येत्यात,” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, “किती ढोल हाईत?”

“चार.”

“म्हंजे अर्धा दिस जाणार,” ते म्हणाले आणि उठून कोनाड्यात ढोल आवळायची किल्ली शोधू लागले.

चला, समजून घेऊ या

या पाठात मोठी घटना घडत नाही. एक कार्यक्रम होतो आणि तो बरा होतो, एवढेच. तरीही वाचताना आपण अस्वस्थ होतो, ते ‘मीही हसलो’ या दोनच शब्दांमुळे. निवेदकाने स्वतःची बाजू मांडलेली नाही, ‘मी लहान होतो’ असेही म्हटलेले नाही. हे वाक्य त्याने वेगळ्या ओळीत, एकटे ठेवले आहे. आमच्या मते पाठातले सर्वांत अवघड वाक्य हेच आहे. पुढचे सारे त्याच्या सावलीत घडते.

मुलगा दोन वेळा एकाच प्रश्नासमोर उभा राहतो. आरंभी सर विचारतात, “कुठे शिकलास?” आणि तो म्हणतो, “कुठे नाही.” शेवटी सर विचारतात, “कुणी शिकवले?” या दोन उत्तरांमध्ये दीड-दोन महिन्यांचे अंतर आहे. मुलगा धीट झाला, म्हणून त्याने खरे सांगितले का? की वडिलांनी लांब उभे राहण्याची तयारी दाखवली, ती त्याला सहन झाली नाही म्हणून? लेखक याचे उत्तर देत नाही. तुम्ही आपापल्या अनुभवाने ते शोधा. वय वाढल्यावर शिकायला बसलेल्या आपल्यापैकी अनेकांना कामाची लाज आणि कामाचा अभिमान या दोन्ही भावना नव्याने समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

सरांच्या वागण्याकडेही लक्ष द्या. ते वडिलांचे कौतुक करीत नाहीत, हसणाऱ्याला रागावतही नाहीत. त्यांना एक काम करवून घ्यायचे आहे आणि ते काम जाणणारा माणूस सापडला आहे. अप्पाही शब्दांत आनंद दाखवीत नाहीत. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार, हा हिशेब त्यांनी मनात केला आहे आणि तरी ते किल्ली शोधत आहेत.

आता अप्पांनी सांगितलेल्या गोष्टीचे शास्त्र पाहू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. संचलनाच्या बँडचा वेग मिनिटाला सुमारे १२० पावले, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका असतो. इमारत ४० मीटरांवर असेल, तर आवाजाला जाऊन परत यायला ८० मीटर अंतर पडते आणि त्यासाठी जवळजवळ पाव सेकंद लागतो. म्हणून प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या मधोमध पडला. सभागृहात भिंती जवळ असतात. तेथे परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून जातो, वेगळा ऐकू येत नाही. प्रकाश मात्र इतका वेगवान, की सरांचा हात हलला त्याच क्षणी दिसतो. अप्पांचा हात मागून पडत होता तो याच कारणाने. त्यांना ठोकाच उशिरा ऐकू येत होता. हे गणित अप्पांना कुणी शिकवले नव्हते. नदीकाठच्या धुण्याने आणि वरातीच्या रस्त्यांनी शिकवले होते.

बिगुलाला बासरीसारखी छिद्रे किंवा पेटीसारख्या पट्ट्या नसतात. फुंकण्याच्या जोरावर आणि ओठांच्या ताणावर त्यातून मोजकेच सूर निघतात. त्यामुळे शाळेच्या बँडमध्ये चाल चालवतात त्या बासऱ्या, बिगूल जोश आणतो. मुलाला हवा होता तो बिगूल खरे तर बँडमधले सर्वांत मर्यादित वाद्य होते!

आपल्याकडे अशी वाद्ये युरोपीय लष्करी पथकांबरोबर आली आणि पुढे संस्थानिकांच्या दरबारांतही पोहोचली. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी पदरी पाश्चात्त्य वाद्यांचे बँडपथक ठेवले होते. उत्तर प्रदेशातील मेरठ शहराचा जाली कोठी हा भाग बँडची वाद्ये बनवण्यासाठी देशभर ओळखला जातो. लष्कर, दरबार, शाळा आणि वरात असा हा ढोलाचा प्रवास आहे. मान कुठे मिळाला आणि कुठे हरवला, हे त्या वाटेवर शोधून पाहण्यासारखे आहे.

शब्दार्थ

घालमेल – मनाची ओढाताण. हात बसणे – सरावाने कौशल्य येणे. चाल – गाण्याची किंवा वादनाची धून. पाठात ‘चालण्याची ढब’ या अर्थानेही आला आहे. लुगडे – नऊवारी साडी. परात – पीठ मळण्याचे पसरट भांडे. भिताड – भिंत. कोनाडा – भिंतीत वस्तू ठेवण्यासाठी केलेली पोकळ जागा. आवळणे – घट्ट करणे.

भाषा-अभ्यास

निवेदन प्रमाण भाषेत आहे, अप्पा आणि आई मात्र मिरज भागातील बोलीत बोलतात. ‘बघू नगंस’ म्हणजे ‘बघू नकोस’, ‘पल्याड’ म्हणजे ‘पलीकडे’, ‘म्होरं’ म्हणजे ‘पुढे’. बोली ही अशुद्ध भाषा नव्हे. आवाज परत येतो, हे सांगताना अप्पा त्याला ‘शिळा’ म्हणतात. शिळी भाकरी आपण ऐकली आहे, शिळा आवाज नाही. प्रमाण भाषेत हेच सांगायला एक आख्खे वाक्य लागले असते.

‘ढोल वाजतो’ आणि ‘तो ढोल वाजवतो’ ही वाक्ये ताडून पाहा. पहिल्यात क्रिया आपोआप घडल्यासारखी वाटते, दुसऱ्यात ती करणारा माणूस दिसतो. ‘सुटणे–सोडणे’, ‘पडणे–पाडणे’, ‘शिकणे–शिकवणे’ या जोड्याही अशाच आहेत. पाठातून अशी आणखी क्रियापदे शोधा.

स्वाध्याय

१. मैदानावर पहिल्या दिवशी बँड का बिघडला? तुमच्या शब्दांत लिहा.

२. “लांबच्या माणसाचा ठेका उशिराचा असतोय.” या वाक्याचे मुलाला जाणवलेले दोन अर्थ कोणते?

३. कार्यक्रमाला येताना अप्पांनी लाल कोट घातला नाही. त्यामागे काय विचार असेल, असे तुम्हांला वाटते?

४. “परात फुटंल आता” आणि “कानावर भरवसा ठेवून भागत न्हाई” ही वाक्ये प्रमाण भाषेत लिहा. नंतर ती तुमच्या घरच्या बोलीत म्हणून पाहा.

५. तुमच्या घरातील एखाद्या व्यक्तीला शाळेत न जाता अवगत झालेले एक कौशल्य निवडा. ते ती व्यक्ती कसे शिकली, हे तिला विचारा आणि तिच्याच शब्दांत दहा-बारा ओळी लिहा.